लूव्हर पाडलेलं जुनं बॉनेट सी-१० वर बसवायचं आहे? सुरुवात बिजागरीपासून करा

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोतल्या एका वाचकाकडे १९७० ची शेव्हरोलेट सी-१० पिकअप आहे, ३५० घनइंचाचं व्ही-८ इंजिन. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात त्यांना लूव्हर (आतली गरम हवा बाहेर पडायला पत्र्यात पाडलेल्या, एका कडेनं उचललेल्या चिरा) पाडलेलं मूळ स्टीलचं बॉनेट मिळालं. ‘सदुसष्ट ते बहात्तर, कुठल्याही गाडीला बसतं’ असं विकणारा म्हणाला. घरी आणून उलटं केलं तर आतला सांगाडा मधोमध कापलेला निघाला. गाडीवर ठेवून बंद केलं तर मागचा डावा कोपरा अर्धा इंच वर राहिला. आता तो कोपरा ठोकून खाली बसवावा की कडा घासाव्यात, आणि पावसात पाणी आत जाऊन गाडी बंद पडेल का, असं ते विचारतात.

मी पत्रेकाम शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि आता पेनसिल्व्हेनियात बहुतेक जुन्या पिकअपचंच काम करतो. तेव्हा पहिलं सांगतो ते हे: ठोकू नका आणि घासू तर मुळीच नका. वापरलेलं बॉनेट गाडीवर नीट बसत नाही तेव्हा सगळ्यांची नजर बॉनेटवर जाते. दोष बहुतेक वेळा त्याच्या खाली असतो. बिजागऱ्यांत, मडगार्डांत, रेडिएटरच्या चौकटीखाली कुजलेल्या रबरांत. हे सगळं सरळ केल्यावरही जो फरक उरेल तेवढाच बॉनेटचा. कापलेला पत्रा परत जोडायला जो वेळ जातो त्यात दोन बॉनेटं बसवून होतात.

पण त्याआधी हे बॉनेट तुमच्या गाडीचं आहे का तेच बघा. विकणाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९६७ ते १९७२ या सगळ्या गाड्यांना बिजागऱ्या एकाच प्रकारच्या लागतात, त्यामुळे बोल्ट लागतात आणि बॉनेट ‘बसलं’ असं वाटतं. मात्र १९६९ साली शेव्हरोलेटनं ग्रिल बदललं आणि बॉनेटचं नाकही बदललं. सदुसष्ट-अडुसष्टचं नाक खाली उतरतं, एकोणसत्तरपासूनचं उभट आणि बोथट आहे. तुमच्या १९७० च्या ग्रिलवर अडुसष्टचं बॉनेट ठेवलंत तर मागं कितीही जुळवा, पुढची कड ग्रिलशी कधीच जमणार नाही. जुनं बॉनेट अजून टाकलं नसेल तर (टाकू नका, काम पूर्ण होईपर्यंत अजिबात टाकू नका) दोन्ही गोधडीवर उलटी, शेजारी शेजारी ठेवा आणि नाकाची उंची मोजून पहा. लगेच कळेल. त्याच वेळी दोन्हींचे कर्णही मोजा. नव्याच्या दोन कर्णांत चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर ते बॉनेट पिळलेलं आहे.

जुनं बॉनेट टेम्प्लेट म्हणून आणखी एका कामाला येतं. लूव्हर पाडताना पत्रा कापून काढून टाकत नाहीत. प्रेसचा ठसा एका बाजूनं चीर पाडतो आणि दुसऱ्या बाजूनं पत्रा वर ओढतो. अशा तीस-चाळीस चिरा शेजारी शेजारी पडल्या की आजूबाजूचा पत्रा थोडा थोडा ओढला जातो आणि बॉनेटची मूळची गोलाई बदलते. कधी मधला भाग सपाट होतो, कधी ‘टॉक-टॉक’ आत-बाहेर व्हायला लागतो. जुन्या बॉनेटवरून प्लायवुडच्या पट्टीवर आडवी गोलाई उतरवून घ्या, एक मागच्या कडेपासून हातभर अंतरावर आणि एक मध्यावर. त्या पट्ट्या नव्यावर त्याच जागी ठेवा. फट दिसली तर किती आणि कुठे, ते खडूनं बॉनेटवरच लिहून ठेवा. नंतर बाजूची फट मध्ये रुंद आणि टोकांना अरुंद का येते याचं उत्तर तिथेच असतं.

पत्र्याची तब्येत तपासायला लोहचुंबक पुरतं. कागद मध्ये धरून फिरवा. चुंबक जिथे पकड सोडतं तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. आकडा हजार मायक्रॉनच्या पुढे गेला की खाली नुसता रंग नाही हे धरून चाला. लूव्हरच्या ओळींमधल्या पट्ट्यांत लांबी सापडली तर मला फार आवडत नाही, कारण तिथे पत्रा तापतो, हलतो, आणि लांबी वर्षा-दोन वर्षांत कडेनं सुटते. प्रत्येक लूव्हरच्या दोन्ही टोकांना बारीक चिरा आहेत का ते बॅटरी खालून धरून बघा. ठसा बोथट असला की टोकं फाटतात. सापडल्या तर चिरेच्या शेवटाला बारीक भोक पाडून ती थांबवा, मागे तांब्याची पट्टी धरा आणि टिग वेल्डिंगनं छोटे छोटे टाके द्या, एक इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ देत. सलग वेल्डिंग केलंत तर शेजारचे चार लूव्हर वाकडे होतील.

गंज कुठे बघायचा? नाकाजवळ, जिथे बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो. त्या घडीत माती आणि ओहायोच्या रस्त्यावरचं हिवाळी मीठ वर्षानुवर्षं बसलेलं असतं. कॉम्प्रेसरची हवा मारा. तपकिरी भुकटी पडत राहिली तर घडी उघडावी लागेल.

आता कापलेला सांगाडा. सगळ्यात गंभीर गोष्ट ही आहे आणि प्रश्नात तुम्ही ती एका वाक्यात उरकलीत. लूव्हरच्या ओळी आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या वर आल्या की प्रेस तिथे पोचत नाही. शहाणा कारागीर स्पॉट वेल्ड काढून अख्खा सांगाडा बाजूला करतो, लूव्हर पाडतो आणि सांगाड्यात जागेपुरत्या खाचा देऊन तो परत बसवतो. घाईतला कारागीर ग्राइंडरनं मधलं कापून टाकतो. सांगाडा नसलेलं बॉनेट म्हणजे आढं काढलेलं छप्पर. उभं आहे तोवर छान दिसतं. याच्या बिजागऱ्यांना जाडजूड स्प्रिंग असतात, पूर्ण वजनाच्या आणि पूर्ण ताकदीच्या बॉनेटसाठी बनवलेल्या. तुम्ही नाक धरून बंद करायला गेलात की मागून स्प्रिंग ढकलते, पुढून तुम्ही दाबता, आणि मध्ये, बिजागरीच्या जरा पुढे, पत्रा मुडपतो. सी-१० च्या बॉनेटांचं हे दुखणं सांगाडा शाबूत असतानाही ठरलेलं आहे. तुमच्या बॉनेटवर तशी मुडप आधीच आहे का ते बघा: बॉनेट बंद करून बाजूच्या कडेशी डोळा लावा आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कुठे मोडतं ते पहा.

सांगाडा परत करायचे दोन मार्ग. गंजलेलं किंवा पुढून ठोकलं गेलेलं त्याच काळातलं दुसरं बॉनेट भंगारात मिळालं तर त्याचा सांगाडा काढून घ्या. हा मार्ग मला जास्त पसंत आहे. नाहीतर १८ गेजच्या पत्र्याची टोपीच्या आकाराची पन्हळ वाकवून कापलेली टोकं जोडा, लूव्हरच्या ओळींमधल्या जागेतून नेत. कडेला वेल्डिंग चालेल. मध्ये मात्र बाहेरच्या पत्र्याला वेल्डिंगचा कण लावू नका. कारखान्यात सांगाडा आणि पत्रा यांच्यामध्ये मऊ चिकटवणाऱ्या मसाल्याचे गोळे टाकलेले असतात, पत्रा फडफडू नये म्हणून. तुम्ही पॅनलसाठीचा इपॉक्सी किंवा तसाच मऊ सीलर वापरा. आणि हे चिकटवण्याचं काम बॉनेट गाडीवर बंद ठेवून, फटी जुळवलेल्या अवस्थेत पक्कं होऊ द्या. टेबलावर पक्कं केलंत तर टेबलाचा आकार येईल, गाडीचा नाही.

हे होईपर्यंत स्प्रिंग लावायच्या नाहीत. त्या काढायची जुनी युक्ती: स्प्रिंग बॉनेट उघडं असताना आखडलेली असते आणि बंद होताना ताणली जाते. बॉनेट अर्धंअधिक खाली आणा, वेटोळ्यांमध्ये ज्या फटी पडतात त्यांत जाड वॉशर सरकवा, मग बॉनेट परत वर न्या. वॉशरांमुळे स्प्रिंग लांबच राहते आणि आकड्यातून हातानं निघते. चष्मा घाला, तोंड बाजूला ठेवा, आणि स्प्रिंग निघण्याआधीच बॉनेटखाली लाकडाचा टेकू लागलेला असू द्या, दुसरा माणूस उभा असू द्या. पक्कड घालून ती ओढायचा प्रयत्न करू नका.

स्प्रिंग निघाल्या की तुमच्या अर्ध्या इंचाचा निकाल लागतो. बॉनेट तसंच हळूच बंद करा. डावा कोपरा आपोआप खाली बसला, तर दोष बिजागरीचा: तिच्या रिव्हेटी एक तर झिजून ढिल्या झाल्या आहेत किंवा कोरड्या पडून अडकल्या आहेत, आणि स्प्रिंग कोपरा वर रेटते आहे. बिजागरी हातात धरून आडवी हलवा. खडखडली तर बदला. अडकत असेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी शेकडो वेळा उघडझाप करा, मग इंजिन ऑइलचे थेंब. लोक बिजागऱ्यांवर हौसेनं पावडर कोटिंग करून घेतात. तो जाड थर सांध्यात बसतो आणि नवं कोरं बॉनेट मुडपून ठेवतो. साधा पातळ रंग मारा, सांधे झाकून. स्प्रिंग काढूनही कोपरा वरच राहिला, तर पुढे वाचा.

गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी करा. जॅक-स्टँडवर जुळवलेल्या फटी चाकांवर आल्या की बदलतात. हिची चॅसी उघड्या सी-आकाराच्या पट्ट्यांची आहे, ती वाकते. मग केबिनखालची आणि रेडिएटरच्या चौकटीखालची रबरं बघा. पन्नास वर्षांत ती चपटी होऊन कुठे कुठे नुसती लोखंडावर लोखंड टेकलेलं असतं. डावीकडचं रबर संपलं की ती बाजू बसते, मडगार्ड खाली जातं, आणि बॉनेटचा डावा कोपरा ‘वर आला’ असं दिसतं. आलं ना लक्षात? कोपरा जागेवरच असतो. नवी रबरं टाका. क्रम नेहमी मागून पुढे: आधी दारं केबिनला, मग मडगार्ड दाराला, मग बॉनेटची मागची कड काचेखालच्या पत्र्याला, मग बाजूच्या फटी, नाक सर्वांत शेवटी. नाकापासून सुरुवात करणारा माणूस संध्याकाळी परत नाकाशीच येतो.

जुनं बॉनेट काढण्याआधी बिजागरीच्या पट्टीभोवती मार्करनं रेघ ओढून ठेवली असेल तर नवं तिथेच लावा. नसेल तर लंबगोल भोकांच्या मध्यावर. बॉनेटकडच्या बोल्टांनी मुख्यतः पुढे-मागे सरकवता येतं, गाडीकडच्या बोल्टांनी वर-खाली. बोल्ट एवढेच आवळा की जोर लावला तर सरकेल, नाही तर जागीच राहील. मडगार्डांच्या कडांवर आणि बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यांवर मास्किंग टेपचे तीन-चार थर द्या. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून हळूहळू खाली आणा, शेवटच्या वीतभर अंतरात खाली वाकून कोपरे बघत बघत. सोडून द्यायचं नाही.

गाडीकडचे बोल्ट पूर्ण खाली घेऊनही कोपरा जरासा वरच राहिला तर वॉशरचं काम. बिजागरीच्या पट्टीवर बॉनेट दोन बोल्टांनी बसतं, एक पुढचा, एक मागचा. पुढच्या बोल्टाशी पट्टी आणि बॉनेट यांच्यामध्ये एक वॉशर घाला. तेवढ्यानं बॉनेट मागच्या बोल्टाभोवती किंचित फिरतं, नाक वर जातं आणि मागचा कोपरा खाली. नाक पुढे लॅचनं खाली ओढलं जातं, कोपऱ्यावर दाब टिकून राहतो. कोपरा खाली गेलेला असेल तर वॉशर मागच्या बोल्टाला. एका मिलिमीटरच्या वॉशरनं कोपऱ्यावर जो फरक पडतो तो बघून पहिल्यांदा करणाऱ्याला आश्चर्य वाटतं. म्हणून एका वेळी एकच.

बाजूची फट पाच मिलिमीटरच्या आसपास सारखी ठेवा. कारखान्यातून आली तेव्हा गाडी इतकी काटेकोर नव्हती, पण लूव्हरचं बॉनेट नजर खेचतं आणि वाकडी फट लपत नाही. पाच मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा हातात घेऊन सगळीकडून फिरवा. बॉनेट खरंच पिळलेलं असेल, समजा पुढचा डावा कोपरा उंच, तर उजव्या कोपऱ्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि डावा कोपरा तळहातांनी, कडेला धरून, खाली दाबा. थोडं दाबा, ठोकळा काढा, बघा, परत. लूव्हरवर हात टेकवायचा नाही. सगळं करून एखाद्या जागी फट मोठी राहिलीच तर तिथे कडेला तीन मिलिमीटरची सळई वेल्ड करून कानशीनं आकार द्या. लांबीनं कड वाढवू नका, पहिल्याच थंडीत टवका उडेल.

लॅच शेवटी. आधी पुढचे रबरी बंपर नाकाच्या उंचीला लावून घ्या, मग लॅच सैल ठेवून बॉनेट बंद करा, म्हणजे लॅचमध्ये अडकणारी खुंटी स्वतःच आपली जागा शोधते, तिथे आवळा. सेफ्टी हूक चालतोय ना ते मुख्य लॅच सोडून, नाक वर खेचून तपासा. हे बॉनेट मागे बिजागरी असलेलं आहे. हायवेवर लॅच सुटला तर ते थेट काचेवर येतं. आधी गल्लीतून, मग मध्यम वेगानं, आणि घरी येऊन टेपवर खुणा सरकल्या का ते बघून मगच साठ-सत्तर मैलांच्या वेगाला जा.

लूव्हरचा उपयोग किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रत्येकाच्या मनात असतं. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर आणि १९४९ पासून बॉनविलच्या मिठागरावर शर्यती लावणाऱ्यांनी बॉनेटला, डिकीला लूव्हर पाडले ते आतली गरम, कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. चिरा काचेकडे तोंड करून असतात. वरून जाणारी हवा आतली ओढून घेते. बॉनेटच्या पुढच्या भागावर दाब कमी असतो, तिथले लूव्हर खरं काम करतात. काचेच्या पायथ्याशी वेगात उलट दाब वाढतो. १९६९ च्या कॅमारोचं काउल इंडक्शन बॉनेट तिथूनच इंजिनाला हवा घेतं. म्हणजे तुमच्या अगदी मागच्या ओळीतून चालत्या गाडीत हवा आतही येऊ शकते. गाडी उभी असताना मात्र सगळ्याच ओळींतून वाफा वर जातात आणि कार्ब्युरेटरला आराम पडतो. पण इंजिन तापतंय म्हणून लूव्हर घेतले असतील तर पैसे फॅनच्या श्राउडवर (पंख्याभोवतीच्या आवरणावर) आणि थर्मोस्टॅटवर आधी घाला.

रंगाबद्दल दोनच गोष्टी. वाळूचा मारा करून जुना रंग काढायला देऊ नका, एवढा मोठा पातळ पत्रा त्यानं फुगतो. केमिकलनं काढा आणि घड्यांतून ते भरपूर पाण्यानं धुवून घ्या. आणि प्रायमर-रंग दोन्ही आधी खालून, लूव्हरच्या तोंडात मारा, मग वरून. वरून सुरुवात केली तर तोंडाच्या आत कोरडा पत्रा राहतो आणि पहिल्या पावसाळी आठवड्यात प्रत्येक चिरेतून तांबडा ओघळ येतो. रंग वाळल्यावर नाकाच्या घडीत मेणाचा स्प्रे भरा.

राहिला पाऊस. चालत्या गाडीत बाहेर येणारी हवा बरंचसं पाणी थोपवते, खरा त्रास उभ्या गाडीला आणि पाइप घेऊन धुणाऱ्याला. तुमच्या ३५० चा डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) इंजिनाच्या मागच्या टोकाला, केबिनच्या भिंतीजवळ आहे, म्हणजे मागच्या ओळींच्या बरोबर खाली. त्याच्या टोपीला चीर नसावी, वायरींची रबरी बुटं घट्ट असावीत आणि त्यांच्या आत डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. एअर क्लीनर उघड्या कडांचा चकचकीत असेल तर जुना, बंद डब्याचा परत लावा, कागदी फिल्टर भिजला की इंजिन गुदमरतं. आणि पातळ ॲल्युमिनियमचा एक उथळ ट्रे वाकवून सांगाड्याला चार छोट्या स्क्रूंनी खालून लावा, लूव्हरपासून दीड-दोन इंच खाली, मागे उतार देऊन, दोन्ही कोपऱ्यांत नळीचे तुकडे लावून पाणी मडगार्डाच्या आतल्या बाजूला सोडा. बंद करण्यापूर्वी एअर क्लीनरच्या झाकणावर मातीचा गोळा ठेवून बॉनेट एकदा लावा आणि उघडून बघा. गोळा चेपला असेल तर ट्रे तेवढा उथळ करावा लागेल. ऊन पडलं, मोसम कोरडा आला की चार स्क्रू काढायचे आणि ट्रे गॅरेजमध्ये टांगायचा.